अधिकातलं मेहूण

बुधवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला की मी उचलत नाही, म्हणून तुम्ही रुसता. "आजी, वेन्सडेला तू काय करतेस?" असं धाकटीने विचारलं, तेव्हा "मीटिंग असते" म्हणून मी विषय संपवला. मागून तुमचे आजोबा म्हणाले, "सांग की खरं काय ते." तेव्हा सांगितलं नाही. आता लिहिते. तुमच्या आईने हट्टाने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलंय, ते असल्या कामालाही यावं. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही.

बुधवारी मी आमच्या यिशुनहून एमआरटी मेट्रोने आंग मो किओला जाते. तिथे एका ब्लॉकच्या तळमजल्यावर कुटुंबांसाठी काम करणारं एक छोटं केंद्र आहे. बायकोवर हात उचललेले पुरुष तिथे संध्याकाळी येतात. काहींना कोर्टाने पाठवलेलं असतं, काही आपणहून येतात. ते गोल करून बसतात. राग कसा चढतो, आणि तो ऑफिसातल्या साहेबावर न निघता घरी येऊन बायकोवरच का निघतो, हे त्यांच्याच तोंडून त्यांना बोलायला लावतात. मी शिकवत नाही. मी पैसे मागते. देणगीदारांना पाठवायचे अर्ज माझ्याकडे असतात, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे आणि टेबल नीटनेटकं असतं. पुण्याच्या शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, ती वाया गेली नाहीत, असं मला वाटायचं.

केंद्राचा हा कार्यक्रम चालवणारी बाई चिनी आहे, तुमच्या आईच्या वयाची. मी तिथे गेले तेव्हा सगळा सावळा गोंधळ होता. पुरुष वाटेल तेव्हा येत, फोन आला की उठून जात, काही तर अर्ध्यावरच यायचे बंद होत. देणगीदार विचारत, "किती जणांनी पूर्ण केलं?" तर सांगायला काही नसे. मी शिस्त लावली. उशीर झाला तर दार बंद. गैरहजेरी फार झाली तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटपर्यंत आला त्याला सर्टिफिकेट, तेही चांगल्या जाड कागदावर. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं असतात म्हणून तुम्ही हसता ना, तसाच तो कार्यक्रम मी लेबलं लावून फळीवर मांडला. देणगीदार खूश झाले.

त्यात एक काम असं होतं, की त्याला काही लेबल लागेना. एक प्रशिक्षित बाई त्या पुरुषांच्या बायकांना अधूनमधून फोन करायची. नवऱ्याच्या अपरोक्ष, त्या एकट्या असतील तेव्हा. घरी कसं चाललंय, एवढंच विचारायची. त्या फोनचा फोटो निघत नाही, त्याला सर्टिफिकेट मिळत नाही, आणि त्या बाईला पगार तर द्यावा लागतो. पैसे कमी पडले तेव्हा मीच सुचवलं की हे फोन बंद करू. कार्यक्रम पुरुषांसाठी आहे, तर पैसेही पुरुषांवरच खर्च व्हावेत.

ती चिनी बाई इथल्या लकबीत म्हणाली, "आंटी, मग आपल्याला फक्त त्याचंच ऐकू येणार, लाह."

"आपण त्याचंच ऐकायला तर बसलोय," मी म्हटलं. समितीत सगळे हसले. ती हसली नाही. पण पैसे नव्हते हे खरंच होतं. फोन बंद झाले.

तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या गटात एक मराठी मुलगा होता. मुलगा म्हणते, पण चाळिशीला टेकलेला असेल. पुण्याचा, जवळच्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मॅनेजर. पहिल्याच दिवशी मला कॉरिडॉरमध्ये पाहून थबकला. गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं असेल, वाकून नमस्कार केला. "काकू, तुम्ही पुण्याच्या का?"

"सदाशिव पेठ," मी म्हटलं.

"तरीच! इथे दार वेळेवर बंद होतं."

मी हसले. खरं तर हसायला नको होतं. तो तिथे कशासाठी आलाय हे मला माहीत होतं, आणि तिथल्या पुरुषांशी ओळख वाढवायची नाही हा नियमही माहीत होता. पण परक्या देशात आपल्या बोलीत कुणी चेष्टा केली की माणूस विरघळतं.

तो एकदाही चुकला नाही, कधी उशिरा आला नाही. इतरांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायचा, जाताना फळा पुसायचा. गटात बोलायचाही मोकळेपणाने. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "वडिलांसारखं व्हायचं नाही असं लहानपणी ठरवलं होतं, आणि अगदी तसाच झालो." दोन-तीन पुरुष डोळे पुसत होते. मी शेजारच्या खोलीत चहाचे कप मांडत होते, दार उघडं होतं. माझेही डोळे भरून आले. देणगीदारांच्या चहापानाला यानेच बोलावं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

जाताना तो म्हणाला, "काकू, मी सगळं पूर्ण केलं. पण ती अजून घरी यायला तयार नाही."

त्याची बायको मैत्रिणीकडे राहत होती, यिशुनमध्येच, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याने आता तिला त्रास द्यायचा नाही, असा कोर्टाचा आदेश होता. पण या देशात राहायचा तिचा पास त्याच्या नोकरीला बांधलेला होता. तो रद्द करा असं त्याने कंपनीला सांगितलं की तिला मायदेशी जावं लागणार. तिकडे आई-वडील 'जुळवून घे' म्हणणारे. म्हणून ती स्वतःला नोकरी शोधत होती. ती मिळाली तर तिला तिच्या नावाचा पास मिळणार होता, आणि मग त्याच्याकडे परत जायचं की नाही हे तिचं तिला ठरवता आलं असतं. तिला फक्त वेळ हवा होता. हे मला नंतर कळलं. म्हणजे विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

तो अधिक महिना होता. तुम्हाला माहीत नसेल, दर तीन वर्षांनी आपल्या पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून जेवायला बोलावतात, त्यांचे पाय धुतात, अनारसे वाढतात. असं जोडपं म्हणजे मेहूण. आमचा जावई म्हणजे तुमचे बाबा. ते तिकडे बर्फात बसलेले. अनारसे तर मी दर अधिकात करतेच, इथे खसखस आणायला बंदी आहे म्हणून तीळ लावून. मग माझ्या मनात आलं, या दोघांनाच मेहूण म्हणून बोलवावं. दोघं एका पंक्तीला जेवतील, मन निवळेल. मोठ्यांनी मध्ये पडून संसार सांधायचे असतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. त्या चिनी बाईला मी कळवलं नाही. ते केंद्राचं, हे घरचं, असं मनाशी म्हटलं.

मी तिचा नंबर त्याच्याकडून घेतला. त्याच्याकडून! फोन लावला, कोण कुठली ते सांगितलं, म्हटलं, "अगं, अधिक महिना आहे. तुम्ही दोघं मेहूण म्हणून या. नाही म्हणू नकोस हं."

मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर येते, काकू."

मेहूण म्हणून आलेलं बोलावणं आपल्यात कुणी मोडत नाही. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी ते वापरलं.

रविवारी दुपारी दोघं वेगवेगळी आली. ती आधी आली, हातात चाफ्याची फुलं. बारीक, उंच, कॉलेजात शिकवणारी वाटावी अशी. तुमच्या आजोबांनी फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन पाट मांडले होते, भोवती मी रांगोळी काढली होती. तो आला तेव्हा तिने पदर सारखा केला आणि बाजूला सरली. मी परात आणि कोमट पाणी घेऊन बसले. त्याने लगेच पाय पुढे केले. तिने ओढून घेतले.

"नको काकू. तुम्ही माझे पाय नका धुऊ."

"अगं, ठेव ना," तो हळू आवाजात म्हणाला. "काकू वाकल्यात. किती वेळ वाकायला लावणार त्यांना?"

तिने पाय परातीत ठेवले. मला वाटलं, संकोच आहे. कोमट पाण्यातही तिचे पाय गार लागत होते.

जेवताना तो छान गप्पा मारत होता. अनारसे पाहून म्हणाला, "काकू, एकही हसला नाही तुपात, सगळे अख्खे! काय हात आहे." मी पुरणपोळी वाढायला गेले तर म्हणाला, "तिला अर्धीच. पुरण जड पडतं तिला." मी अर्धी वाढली. पुढे मसालेभात. "तिखट नाही चालत तिला." तेही मी कमी वाढलं. मोठा काळजी घेणारा आहे, असंच तेव्हा मला वाटलं, लक्षात ठेवा.

तुमच्या आजोबांना कधी काय विचारू नये ते कळत नाही. ते म्हणाले, "काय गं, नोकरी शोधतेस म्हणे? कुठे काही जमतंय का?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "हो काका, एका ठिकाणी दुसरा इंटरव्ह्यू..."

त्याने घास खाली ठेवला. आवाज चढला नाही. तो म्हणाला, "मला आता अस्वस्थ वाटतंय. मी टाइम-आउट घेतो." आणि उठून दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिला. जाळीच्या दारातून त्याची पाठ दिसत होती, खोल श्वास घेताना खांदे वरखाली होत होते.

हे आमच्या गटात शिकवतात. राग चढतोय असं वाटलं की बाजूला व्हा, श्वास घ्या, मग परत या. तुमचे आजोबा माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "पाहिलंस? किती शिकलाय!"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात ताटावरच थांबला होता. तो परत येईपर्यंत तिने घास उचलला नाही. तो आला, बसला, हसून म्हणाला, "सॉरी काका. कुठल्या विषयाने मला त्रास होतो ते तिला माहीत असतं." मग तिच्याकडे वळून, "असतं ना?"

"हो," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. इंटरव्ह्यूचं वाक्य तिथेच राहिलं. विषय आजोबांनी काढला होता, तिने नाही.

ताटं उचलताना ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "काकू, एक विचारू? नवऱ्याला कशाचा त्रास होतो ते बायकोने लक्षात ठेवायचं, असं शिकवतात का तिथे?"

"नाही गं. ज्याचं त्याने ओळखायचं, असं शिकवतात."

"मग घरी अर्धंच येतं ते." ती थोडीशी हसली. "शब्द फार छान आहेत पण. पूर्वी ओरडायचे. आता फोनवर सांगतात, तू माझी सीमा ओलांडतेस. तुला माझ्या प्रगतीची किंमत नाही. आता त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे, काकू. माझ्याकडे काय आहे?"

मी नळ सोडला, काहीतरी करायला हवं म्हणून.

"सुरुवातीला एक बाई मला फोन करायची," ती म्हणाली. "तिला मी सांगायचे हे सगळं. मग एकदम बंद झाले फोन. मला वाटलं, माझं ऐकून झालं असेल त्यांचं."

"पैसे नव्हते," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण एवढंच म्हणून मी भांडी विसळत राहिले. फोन मी बंद केले, हे म्हणायला तोंड उघडलं नाही.

"आज तुम्ही बोलावलंत म्हणून आले," ती म्हणाली. "पण आता ते काय म्हणणार ते मला माहीत आहे. काकूंनी पाय धुतले आपले. आता वेगळं राहणं शोभत नाही. आणि मला नाही म्हणता येणार नाही. गेले काही महिने मी रोज नाही म्हणत होते, काकू. जमत आलं होतं."

बाहेर त्याने चपला घातल्या होत्या. मी तिच्या ओटीचं सामान आणि अनारस्यांचा डबा घेऊन गेले. तो वाकला, नमस्कार केला, आणि तिने सांगितलेलंच म्हणाला. जवळजवळ तेच शब्द. "काकूंचा आशीर्वाद मिळाला. आता लांब राहणं बरं दिसत नाही. चल, टॅक्सी बोलावलीय."

ती पर्स उचलत होती.

मी आयुष्यात फारशी थाप मारलेली नाही. त्या दिवशी मारली. "छे, ती कशी येईल?" मी म्हटलं. "आमच्याकडे पद्धत आहे. मेहूण जेवलं की लेक माहेरीच राहते. जावयाने एकट्याने जायचं."

आजोबा म्हणाले, "कुठली पद्धत? आपल्याकडे..." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "हां हां. ती. जुनी आहे."

"किती दिवस राहते?" त्याने विचारलं. अजून हसत होता, पण ते हसू ओठांवरच होतं.

"लेकीला वाटेल तितके."

वडीलधाऱ्या बाईने सांगितलेली रीत मोडणं त्यालाही जमलं नाही. ज्या दोरीने मी तिला ओढून आणलं होतं, तीच त्याच्या पायात टाकली. अनारस्यांचा डबा घेऊन तो लिफ्टकडे गेला. ती दारात उभी होती, पर्स तशीच छातीशी धरलेली. मग पाटावर बसली आणि खूप रडली. मी जवळ गेले तर हाताने थांबवलं.

त्याच दुपारी मी त्या चिनी बाईला फोन केला. सगळं सांगितलं, फोन नंबर कुणाकडून घेतला तेही. ती रविवार असूनही आली. माझ्याशी काही न बोलता आधी त्या मुलीशी आत जाऊन बोलली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आंटी, ती तुमच्याकडे सुरक्षित आहे असं तिला वाटत नाही. तिला मैत्रिणीकडे जायचंय. मी सोडते." मेहुणासाठी काढलेली रांगोळी ओलांडून त्या दोघी गेल्या.

चहापानाला त्याने बोलायचं नाही असं ठरलं. ते मी त्याला सांगितलं, केंद्रात, त्या चिनी बाईसमोर. तो शांतपणे म्हणाला, "काकू, माझं काय चुकलं? मी एकही दिवस चुकलो नाही." ते खरं होतं. आम्ही त्याच्याकडून हजेरी मागितली होती, ती त्याने दिली. घरी काय बदललं ते आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं, मग त्याला तरी ते कुठून कळणार? त्याला पुन्हा गटात यायला सांगितलं आहे. खुर्च्या आता दुसरंच कुणीतरी मांडतं. तो येतो, कधी उशिराही येतो. चिनी बाईच्या मते ते बरं लक्षण आहे. मला अजून खात्री नाही.

चहापानाला मग मीच बोलले. देणगीदारांना सांगितलं की बायकांना फोन करायला पैसे द्या, तेही सगळ्यात आधी, उरलं तर इतर. गट चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण त्यानंतर, आणि जाड कागदाची सर्टिफिकेटं नकोतच. एक सद्गृहस्थ, मोठे दानशूर, म्हणाले, "मॅडम, आमचे पैसे पुरुषांना सुधारण्यासाठी आहेत."

"मीही असंच म्हणाले होते," मी म्हटलं. "फोन मीच बंद करवले. आणि मग ज्याला सुधारलेला समजले, त्याच्या बायकोला मी त्याच्याकडे जवळजवळ पोहोचवून दिलं."

खोलीत कुणी हसलं नाही. तिथल्या लोकांना हे सांगणं सोपं होतं. स्वयंपाकघरात तिला सांगणं जमलं नव्हतं. पैसे मिळाले, मागितले तेवढे नाहीत, पण फोन सुरू झाले. मी म्हटलं, एक दिवस मी करते फोन, पगार नको. चिनी बाईने मान हलवली. "आंटी, तुम्ही नाही. तुम्ही त्यांना जेवायला बोलवाल, लाह." सगळे हसले, मीही हसले. घरी येताना एमआरटीत मात्र यिशुन येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत होते.

तिला मी नंतर लिहून कळवलं की फोन माझ्यामुळे बंद झाले होते. तिचं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा धरायचा मला हक्कही नव्हता.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "काकू, पास आला. माझ्या नावाचा."

माझ्या तोंडात आलंच होतं, ये मग जेवायला, गोड करू काहीतरी. ओठ घट्ट मिटले. म्हटलं, "फार छान झालं. तुला कधी भेटावंसं वाटलं तर कुठे, केव्हा, ते तू सांग. नाही वाटलं तरी चालेल."

ती म्हणाली, "बघते, काकू."

त्यानंतर अजून तिचा फोन आलेला नाही. बुधवार सोडून बाकी दिवशी फोन वाजला की मी लगेच उचलते ते तुमच्यासाठी, आणि थोडं तिच्यासाठीही.